भिंतीत काय आहे

दुकानदारानं कटरची पेटी उघडली आणि ती धाकट्यांच्या पुढ्यात सरकवली.

थोरले शेजारीच उभे होते, कोपराला कोपर लागेल इतके जवळ. गेली सव्वीस वर्षं या काउंटरवर पेटी उघडली की ती त्यांच्यासमोर यायची. या दुकानदाराचा बाप गल्ल्यावर बसायचा तेव्हापासूनचा तो शिरस्ता. आज पेटी चार बोटं पलीकडे थांबली. तेवढ्यानंच थोरल्यांच्या तोंडाची चव गेली.

"दोन्हींचे दात कठीण कार्बाइडचेच, दोन्ही जड कामाचे," दुकानदार धाकट्यांना सांगत होता. "हा मोठ्या दातांचा. चारच दात, पण एकेक दात बघा, दाढेसारखा. आणि हे पुस्तकात चित्र आहे ते बारीक दातांचे. ते मागवावे लागतील. आठ दिवस धरा."

धाकट्यांनी तो भोकं पाडायचा, वाटीसारखा गोल कटर उचलला, उजेडाकडे धरला आणि अंगठ्यानं एकेक दात चाचपून पाहिला. दात जिथं पोलादाला जोडलेला असतो ती सांधी नखानं खरवडली. मधला टोकदार ड्रिल हलतो का ते पाहिलं. थोरल्यांना ते बघवेना. कारण नखानं सांधी खरवडायची ही खोड त्यांची स्वतःची होती. अकरा वर्षांपूर्वी याच काउंटरला टेकून त्यांनीच ती धाकट्यांना शिकवली होती.

"तुमचं काय मत?" रुग्णालयाच्या बांधकामावरच्या इंजिनिअर बाई सोबत आल्या होत्या, त्यांनी विचारलं.

थोरल्यांनी तोंड उघडलं. मग लक्षात आलं, बाईंची नजरसुद्धा धाकट्यांकडेच आहे.

घरात त्या दोघांना याच नावांनी ओळखत. दोन बहिणी आणि त्यांचे दोन नवरे. थोरले जावई आणि धाकटे जावई. पुढे 'जावई' गळून पडलं, नुसतं थोरले आणि धाकटे राहिलं, आणि तेच कामावरही चिकटलं. थोरले जन्माचे प्लंबर. धाकटे आधी कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावर आठ महिने घरी बसले, दाढी वाढवली, बोलणं टाकलं. तेव्हा बायकोच्या आग्रहाखातर थोरल्यांनी त्यांना हाताखाली घेतलं. आधी पाइप धरायला, मग आटे पाडायला, मग भोकं पाडायला. "शिकेल हळूहळू," ते सासऱ्यांना म्हणाले होते. चारचौघांत असं मोठेपणानं बोलायला त्यांना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण हळूहळू शिकणं धाकट्यांच्या रक्तात नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्यावर ते कंपन्यांची माहितीपत्रकं वाचायचे. कुठल्या धातूला मशीनचा किती वेग, कुठं तेल सोडायचं, कुठं पाणी, सगळं एका वहीत. पाच-सहा वर्षांत लोक थेट त्यांनाच विचारायला लागले. थोरले म्हणत, "पुस्तकी आहे तो जरा." म्हणत हसून, पण हसताना गाल दुखायचे.

"मॅडम, हे भिंत कशी आहे त्यावर आहे," धाकटे बाईंना म्हणाले. "जुन्या इमारतीचं काम म्हणजे एका भोकात चार गोष्टी लागतात. प्लास्टर, जाळी, लाकूड, लाकडातले खिळे. त्याला हे मोठे दात चांगले, सगळं खात जातात. पण आत जाड लोखंड असेल तर हे चालणार नाहीत. मोठा दात लोखंडाच्या कडेवर अडकतो आणि मशीन हातात फिरतं. त्याला बारीक दातच पाहिजेत, हळू चालवायचे, तेल सोडून."

मग ते थोरल्यांकडे वळले. त्यांचा चेहरा मोकळा होता, विचारणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"दादा, त्या धुलाईघरात तुम्ही पूर्वी काम केलंय ना? मधल्या भिंतीत काय आहे?"

धुलाईघर म्हणजे रुग्णालयाच्या मागची जुनी बैठी इमारत. पूर्वी तिथं सगळ्या रुग्णालयाच्या चादरी धुतल्या जायच्या. आता तिथं डायलिसिसचा वॉर्ड व्हायचा होता. बारा खाटा, बारा मशीन, आणि प्रत्येक मशीनला पाण्याच्या आणि निचऱ्याच्या मिळून चार नळ्या मधल्या भिंतीतून. अठ्ठेचाळीस भोकं. जुने नकाशे पावसाच्या पाण्यानं लगदा होऊन गेलेले. ती भिंत उघडी असताना पाहिलेला एकच माणूस उरला होता, आणि तो म्हणजे थोरले.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या भिंतीवर त्यांनी वाफेचे पाइप टांगले होते. ते पेलायला कमरेच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटाएवढी जाड लोखंडी पट्टी ठोकली होती. पुढे पाइप निघाले, पट्टी राहिली, तिच्यावर फळ्या, जाळी आणि प्लास्टर चढलं. हे सगळं त्यांना आरशात तोंड दिसावं तसं दिसत होतं.

"भिंतीत काय असणार?" ते म्हणाले. "लाकूड आणि प्लास्टर. जाळी आहे."

"लोखंड नाही ना जाड?"

"तुझं पुस्तक काय म्हणतं?"

दुकानदार हसला. धाकटेही हसले, जरा कानकोंडं. बाईंना हसायला वेळ नव्हता. "मला सोमवारी काम सुरू हवंय," त्या म्हणाल्या. "हेच घ्या मग, मोठ्या दातांचे."

थोरल्यांनी खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. त्यांनी स्वतःला सांगितलं ते असं: दोन दिवस जाऊ देत. कमरेच्या उंचीवर काम यायच्या आधी आपण म्हणू, अरे थांब, मला आता आठवलं. मग सगळे आपल्याकडे बघतील. पुस्तक कुठं कमी पडतं आणि अनुभव कुठं लागतो ते बाईंना एकदा कळू दे. एवढंच त्यांना हवं होतं, त्याहून जास्त काही नाही.

घरी पोचले तर बायकोच्या हातात फोन होता.

"तिचा फोन होता," बायको म्हणाली. ती म्हणजे तिची धाकटी बहीण. "दुकानात मॅडमनी म्हणे धाकट्यांनाच विचारलं, कुठले कटर घ्यायचे ते. फार खूश होती हो."

"मला नव्हतं विचारलं का?"

"तुम्हालाही विचारलं असेल की."

"असेल म्हणजे? मी तिथंच उभा होतो."

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. सत्तावीस वर्षांचा संसार. नवऱ्याच्या पोटात कुठं दुखतंय ते तिला वैद्यापेक्षा आधी कळायचं. "चांगलं झालं की," ती बेतानं म्हणाली. "शेवटी तुमचाच शिष्य ना तो?"

हे वाक्य तिनं फुंकर म्हणून घातलं, पण ठिणगीवर फुंकर घातली की व्हायचं तेच झालं. थोरले अर्ध्या पानावरून उठले.

सोमवारी काम सुरू झालं. खालच्या रांगेची भोकं आधी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. धाकट्यांनी मशीनला बाजूचा दांडा लावला, वेग कमी केला, पाय रोवले आणि कटर टेकवला. प्लास्टर गेलं, जाळी करकरली, मग लाकडाचा वास आला. मध्ये कुठं खिळा लागला की आवाज जरा जाड व्हायचा आणि पुन्हा मऊ. दीड मिनिटात गोल चकती बाहेर. भोकाची कड अशी, की जणू साच्यातून काढलीये.

थोरले मागून त्या भोकांमध्ये पाइप बसवत येत होते. पाइप बसवायला पुढच्याच्या मागं राहावं लागतं, त्याला इलाज नव्हता. पण पहिल्याच दिवशी दुपारी रंगारी त्यांना म्हणाला, "तुमच्या साडूंचा हात म्हणजे लोणी हो!" तेव्हा त्यांना वाटलं, आपण सव्वीस वर्षं चाललो ते कुणाच्या तरी मागंच.

इंजिनिअर बाई आल्या, भोकांमधून बोट फिरवलं. "सुरेख," म्हणाल्या. बाई कौतुकाला कंजूष होत्या. थोरल्यांनी त्यांच्या तोंडून हा शब्द आजवर ऐकलेला नव्हता.

मंगळवारी दुपारी खालची रांग संपली. धाकटे डबा उघडून बसले आणि त्यांनी नेहमीसारखी अर्धी भाजी न विचारता थोरल्यांच्या डब्यात घातली.

"उद्या वरची रांग, कमरेच्या उंचीची," ते म्हणाले. "धातू शोधायचं यंत्र फिरवून बघितलं, पण उपयोग नाही. जाळी आहे ना, सगळीकडेच बोंबलतंय."

हीच वेळ होती. थोरल्यांना ती समोर येऊन बसलेली दिसली. अरे थांब, मला आता आठवलं. पाच शब्द. पण त्याच वेळी बाहेरून ठेकेदारानं हाक मारली. "धाकटे! मॅडम म्हणतायत, पुढच्या इमारतीचं सामानही तुम्हीच निवडा. वही घेऊन या जरा!"

धाकटे हात पुसत उठले. जाताना लाजल्यासारखं हसले. थोरल्यांनी घास तोंडात घातला आणि शब्द घासाबरोबर गिळला.

बुधवारी सकाळी ते धुलाईघराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. तिथं काही काम नव्हतं. एका पाइपाचं माप त्यांनी तीनदा घेतलं. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. प्लास्टर. जाळी. लाकूड. आवाज मऊ झाला तसं थोरल्यांच्या हातून टेप सुटला आणि ते धावत निघाले. हे मात्र खरं, की ते धावले. "थांब!" असं ओरडलेही. पण मोठं मशीन चालू असताना वीस पावलांवरचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

दात पट्टीच्या कडेवर अडकला. कटर जागच्या जागी थांबला आणि मशीन फिरलं. दांड्याबरोबर धाकट्यांचा उजवा हातही फिरला आणि भिंतीवर आपटला. आवाज फार मोठा झाला नाही. फळीचा एक तुकडा सुटून खाली पडला आणि धाकटे गुडघ्यांवर बसले, देवळात बसावं तसे, त्या फाटलेल्या भिंतीकडे तोंड करून. काही क्षण ते आत बघत राहिले. मग आडवे झाले.

अपघात विभाग पन्नास पावलांवर होता, तेवढंच नशीब. मनगटाची दोन हाडं मोडली होती आणि अंगठ्याची शीर तुटली होती. हात बांधून धाकट्यांना खाटेवर ठेवलं तेव्हा इंजिनिअर बाई आल्या. त्या घाबरल्या होत्या आणि घाबरल्यामुळे चिडल्या होत्या.

"भिंतीत लोखंड आहे हे कुणालाच माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर थोरल्यांवर येऊन थांबली. "तुम्ही इथं काम केलं होतं ना?"

थोरल्यांची जीभ टाळ्याला चिकटली.

"दादांनी सांगितलं होतं," खाटेवरून आवाज आला. धाकट्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा होता, पण ते थोरल्यांकडेच बघत होते. "आज सकाळीच म्हणाले, जपून कर, आत पट्टी असेल. मीच घाई केली."

बाईंनी सुस्कारा सोडला. थोरले गप्प राहिले. पहिल्यांदा गप्प राहिले ते हेव्यापोटी, आता भीतीपोटी. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी कामाच्या नोंदवहीत ओळ उमटली: सूचना देऊनही कामगाराचे दुर्लक्ष.

उरलेली भोकं थोरल्यांकडे आली. त्यांनी बारीक दातांचे कटर मागवले, आठ दिवस थांबले आणि मग महिनाभर तेल सोडत, धीमेपणानं पट्टीतून एकेक भोक पाडलं. कडा स्वच्छ आल्या. बाईंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सुरेख." पेटी पुन्हा त्यांच्या पुढ्यात उघडू लागली. जे जे हवं होतं ते सगळं मिळालं, अगदी ताटात वाढून. आणि एकही घास गोड लागेना.

याहून वाईट म्हणजे, हेवा गेला नव्हता. आता तो त्या एका वाक्यावर जाऊन बसला होता. 'दादांनी सांगितलं होतं.' मोडलेल्या हाडांनिशी, घोटभर पाणीही प्यायच्या आधी, धाकट्यांना ते वाक्य सुचलं होतं. थोरल्यांनी मनात शंभरदा जागा बदलून पाहिली. स्वतः खाटेवर, धाकटे उभे. प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडून दुसरंच वाक्य बाहेर पडायचं. पडल्या पडल्यासुद्धा हा माणूस आपल्यापुढं गेला, असं वाटून त्यांचा जळफळाट व्हायचा, आणि त्या जळफळाटाची लाज वाटायची.

शेवटून दुसऱ्या भोकाशी त्यांना फाटलेली भिंत नीट बघायला मिळाली. मोडकी फळी काढली, तर पट्टीवर पाइप आवळून धरायचा एक जुना क्लॅम्प राहिलेला. तो तारेनं आवळलेला होता आणि तारेची टोकं आत वळवून हातोडीनं चपटी केलेली होती. पुढच्या माणसाच्या हाताला ओरखडा येऊ नये म्हणून. तसं फक्त थोरले करायचे. थोरले, आणि त्यांनी ज्याला शिकवलं तो.

ते तसेच खाली बसले. धाकटे गुडघ्यांवर बसून आत बघत होते ते काय, ते आता त्यांना समजलं.

रविवारी सकाळी ते धाकट्यांकडे गेले. दार मेहुणीनं उघडलं. "या दाजी," म्हणाली, आणि खुर्ची पुसत पुसतच तिची सरबत्ती सुरू झाली. "तुम्हीच सांगा आता यांना काहीतरी. तुम्ही सावध केलं होतं ना? ऐकायचं म्हणून नाही कुणाचं! मी रोज बोलते. म्हटलं, ज्यानं शिकवलं त्याचं तरी ऐकायचं होतं." बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि ती चहा टाकायला आत गेली.

धाकटे खिडकीशी बसले होते. प्लास्टर निघालं होतं. डॉक्टरांनी मुठीत धरायला दिलेला मऊ चेंडू ते दाबत होते. चार बोटं मिटत होती. अंगठा अर्ध्या वाटेत येऊन थांबत होता.

"किती दिवस चालायचं हे?" थोरल्यांनी विचारलं.

"अंगठा एवढाच येणार म्हणतात. याच्या पुढं नाही." धाकट्यांनी चेंडू मांडीवर ठेवला. "चमचा धरता येईल. मशीन नाही."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. थोरल्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पट्टीचं. दुकानात तू विचारलंस तेव्हाच."

"हो."

"तुला कळलं होतं."

"टोकं वळवलेली दिसली." धाकटे खिडकीबाहेर बघत होते. "आधी वाटलं, विसरला असाल. एकोणीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. मग तुम्ही धावत आलात ना, तेव्हा तोंड बघितलं तुमचं."

"मग का बोललास तसं? मॅडमना?"

"पटकन आलं तोंडातून. काही ठरवून नाही." त्यांनी चेंडू पुन्हा उचलला. "आठ महिने घरी बसलो होतो, तेव्हा मला कुणी दारात उभं करत नव्हतं, दादा. तुम्ही केलंत. ते फिटलं असं समजा."

"असं नको बोलूस रे."

"मग कसं बोलू?" धाकट्यांचा आवाज पहिल्यांदा चढला आणि आत बायकोला ऐकू जाईल या भीतीनं लगेच उतरला. "मी तुमच्याकडूनच शिकलो ना सगळं? मला कुणी 'सुरेख' म्हटलं की मी घरी येऊन सांगायचो, दादांमुळं. विचारा हिला. रोज सांगायचो. आणि तुम्हाला... नुसतं सांगितलं असतंत तरी मी मागं उभा राहिलो असतो हो."

 मेहुणी चहा घेऊन आली. धाकट्यांनी कप डाव्या हातानं उचलला आणि बायकोकडे बघून हसले. ती आत गेल्यावर हसू मावळलं.

"चहा घ्या," ते म्हणाले. "पण काही दिवस येऊ नका इकडं. तिच्यासमोर सारखं हसायला मला जमायचं नाही."

थोरल्यांनी चहा संपवला. उष्टा कप टाकून उठणं त्यांना बरं दिसलं नाही.

सोमवारी ते इंजिनिअर बाईंच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले आणि नोंदवही मागितली. बाईंना वाटलं, सामानाची नोंद करायचीय. थोरल्यांनी ती ओळ शोधून तिच्याखाली आपल्या हातानं लिहिलं. अक्षर मुळातच वाईट. भिंतीत पट्टी आहे हे मला ठाऊक होते. विचारले असता मी नाही म्हणालो. त्यांनी दुर्लक्ष केले नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. खाली सही.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"का?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही मला विचारायच्या, मॅडम. मग त्याला विचारायला लागलात."

बाईंनी नोंदवही मिटली. त्यांना राग आला होता की कीव, ते कळलं नाही. "एवढ्यासाठी?"

"एवढंच होतं माझ्याकडं."

"मी तुम्हाला या कामावर ठेवू शकत नाही."

"माहीत आहे मला. शेवटच्या भोकाचं प्लास्टर ओलं आहे, उद्यापर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

ते हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. वाटेत रंगारी म्हणाला, "आज लवकर?" थोरले म्हणाले, "हो, आज लवकर."

बायकोला त्यांनी उंबरठ्यातच सांगितलं, पिशवीही खाली न ठेवता. लांबवलं तर जीभ पुन्हा टाळ्याला चिकटेल याची त्यांना खात्री होती. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं गॅस बंद केला, साडी बदलली आणि बहिणीकडे गेली. चार दिवस आली नाही. थोरले आपला आपण भात लावत होते आणि करपवत होते.

पाचव्या दिवशी ती परत आली. ओरडली नाही, रडली नाही. भांडी घासली, करपलेलं पातेलं लख्ख केलं, आणि मग बातम्या सांगितल्यासारखं सांगितलं. बाई स्वतः धाकट्यांच्या घरी येऊन गेल्या. वहीतली ती ओळ त्यांनी खोडली. पुढच्या इमारतीच्या कामावर हत्यारं आणि सामान निवडायला, तपासायला धाकट्यांनाच नेमलंय. मशीन धरायला नको, नुसतं बघायचं आणि सांगायचं. खुर्ची, टेबल आहे.

थोरल्यांच्या मनात जुना हेवा कूस बदलून जागा झाला. खुर्ची, टेबल. तो अजून गेला नव्हता तर! स्वतःचीच चोरी पकडल्यासारखे ते ओशाळले.

"बरं झालं," ते म्हणाले.

बायको म्हणाली, "ती अजून बोलत नाही माझ्याशी. मी जाते, बसते, भाजी निवडून देते. ती ऐकून घेते." आणि मग, ओट्याकडे तोंड करून: "शर्टाची बटणं त्यांना डाव्या हातानं लावावी लागतात. तिला लावू देत नाहीत. पाऊण तास लागला परवा. मी बघत होते."

थोरल्यांना दुसरीकडे काम मिळालं. एका शाळेचे गळके नळ. नळ बदलायला कुणाचा सल्ला लागत नव्हता आणि कुणी विचारतही नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी ते कपाटाच्या आरशापुढं उभे राहिले. शर्ट अंगात घातला. उजवा हात पाठीमागं नेला, पट्ट्यात खोचला, आणि डाव्या हातानं खालचं बटण धरलं. बटण काजाशी यायचं आणि निसटायचं. एक लागलं. दुसरं लागता लागता पहिलं सुटलं. कपाळावर घाम आला. घड्याळात साडेसात झाले, मग आठ.

बायको डबा घेऊन दारात आली. तिनं आरशात पाहिलं. पाठीमागं खोचलेला हात पाहिला. पुढं व्हायला तिनं एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली. डबा टेबलावर ठेवला आणि आवाज न करता आत गेली.

थोरल्यांनी तिसरं बटण धरलं.